एंड लिहिलं तरी एलईडी थांबत का नाही: ८०५१ चे असेंब्लर डायरेक्टिव्ह

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, ८९एस५२ वर (८०५१ घराण्यातली मायक्रोकंट्रोलर चिप) एलईडी पाच वेळा टॉगल करून थांबायचा प्रोग्रॅम लिहिलाय, एरर शून्य, वॉर्निंग शून्य, शेवटी एंड पण आहे, तरी एलईडी ब्लिंक होतच राहतो. दुसरं, लॅबमध्ये कीलवर (८०५१ चे प्रोग्रॅम असेंबल करायचं सॉफ्टवेअर) चालणारी तीच फाइल घरी एसडीसीसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या असेंब्लरला दिली की जवळजवळ प्रत्येक ओळीला एरर. आणि तिसरं, ओरलला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) डायरेक्टिव्ह विचारतात तर कुठली पाठ करू. असेंब्लर म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींचे चिपला कळणारे बाइट करणारा प्रोग्रॅम, आणि डायरेक्टिव्ह म्हणजे चिपला नाही तर त्या असेंब्लरलाच दिलेली सूचना.

फोनवर मराठी कीबोर्डवरून लिहितोय त्यामुळे कोड पण उच्चाराप्रमाणे मराठीतच येईल, तू टाइप करताना नेहमीसारखा कर. गेली वीसेक वर्षं ८०५१ आणि त्याच्या भावंडांवर काम केलंय, त्यातली निम्मी चुका शोधण्यात गेली, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच होत्या.

आधी तुझा एलईडी. तुझा प्रोग्रॅम असा आहे:

ओआरजी ०
मूव्ह आर२,#५
लूप: सीपीएल पी१.०
एकॉल डिले
डीजेएनझेड आर२,लूप
डिले: मूव्ह आर७,#२५५
डी१: मूव्ह आर६,#२५५
डी२: डीजेएनझेड आर६,डी२
डीजेएनझेड आर७,डी१
रेट
एंड

यात सीपीएल म्हणजे बिट उलटा कर, एकॉल म्हणजे सबरुटीनला जा, रेट म्हणजे तिथून परत ये, आणि डीजेएनझेड म्हणजे रजिस्टर एकने कमी कर, शून्य नसेल तर उडी मार. यात चिपपर्यंत किती ओळी पोचतात ते मोज. ओआरजी पोचत नाही, लेबलं पोचत नाहीत, एंड पोचत नाही. उरलेल्या इन्स्ट्रक्शनचे मिळून बरोबर १७ बाइट होतात, पत्ता ०००० पासून ००१०एच पर्यंत (शेवटचा एच म्हणजे आकडा हेक्समधला), आणि शेवटचा बाइट २२एच म्हणजे रेट. त्यानंतर काही नाही. एंड हा शब्द असेंब्लरला सांगतो की बाबा फाइल संपली, पुढे काही लिहिलेलं असेल तर वाचू नकोस. चिपला तो शब्द कधी ऐकूच येत नाही. ८०५१ ला थांब म्हणून सांगणारी साधी इन्स्ट्रक्शनच नाही, ८०८५ वरून आलेल्या मुलांना हॉल्टची सवय असते म्हणून हे जास्त होतं. (पॉवर कंट्रोल रजिस्टरमधून आयडल किंवा पॉवर डाउन करता येतं, पण ती वेगळी गोष्ट.) इथे थांबायचं म्हणजे जागच्या जागी फिरत राहायचं, एसजंप $, दोन बाइट, ८०एच आणि एफईएच. डॉलर म्हणजे हीच ओळ जिथे सुरू होते तो पत्ता.

आता गंमत बघ, कारण तुझा एलईडी भरकटत नाहीये, तो अगदी शिस्तीत कायम ब्लिंक होतोय, आणि त्याला कारण आहे. पाच वेळा झाल्यावर आर२ शून्य होतो, डीजेएनझेड उडी मारत नाही, आणि प्रोसेसर सरळ खालच्या ओळीवर जातो, म्हणजे डिले सबरुटीनमध्ये, कोणी कॉल न करता. डिले पूर्ण होतो, आर६ आणि आर७ दोन्ही शून्य, आणि रेट येतो. रेट स्टॅकवरून (रॅममधली परतीचे पत्ते ठेवायची जागा) परतीचा पत्ता काढतो, पण स्टॅकवर आपण काही ठेवलेलंच नाही. स्टॅकचं टोक कुठे आहे ते सांगणारा स्टॅक पॉइंटर रिसेटनंतर ०७एच असतो, तू तो बदलला नाहीस. म्हणून रेट वरचा बाइट ०७एच मधून उचलतो आणि खालचा ०६एच मधून. आर० ते आर७ चे रॅममध्ये चार संच असतात, त्यांना बँक म्हणतात, आणि बँक शून्यात ०७एच म्हणजेच आर७ आणि ०६एच म्हणजेच आर६! दोन्ही शून्य, म्हणजे परतीचा पत्ता ००००. प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू.

आणि एवढ्यावर संपत नाही. आता स्टॅक पॉइंटर ०५एच वर आलाय. दुसऱ्या फेरीत पहिलाच एकॉल परतीचा पत्ता ०६एच आणि ०७एच मध्ये ठेवतो, म्हणजे आर६ आर७ मध्ये, आणि डिले त्यांच्यावरच मोजणी करून दोन्ही शून्य करून टाकतो. रेट परत ०००० वर. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून तुझा लूप एकदाच चालतो, आर२ चारवर जायची वेळच येत नाही, आणि एलईडी आयुष्यभर टॉगल होत बसतो. खात्री करायची तर पॉवर दिल्यावर नीट बघ, पाचव्या टॉगलनंतर एकदाच दुप्पट वेळ थांबेल, कारण तिथे एक डिले कॉल केलेला आणि एक घरंगळत आलेला. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तुझा डिले साधारण ०.१३ सेकंदाचा आहे, सहावा टॉगल ०.२६ नंतर येईल. डोळ्याला पकडायला थोडं अवघड आहे पण मोबाईलवर स्लो मोशन काढलास तर दिसेल.

डिलेसाठी तू आर६ आर७ च्या ऐवजी आर० आर१ वापरले असतेस तर हाच बग वेगळा दिसला असता, आर६ आर७ मध्ये पॉवर-अपला जे काही पडलेलं असेल तिकडे उडी, आणि तू म्हणाला असतास की चिप खराब आहे. (चिप खराब नसते रे. हजारात एखादी.) उपाय दोन ओळींचा आहे, डीजेएनझेड आर२ च्या खाली एसजंप $, आणि सुरुवातीला मूव्ह एसपी,#२एफएच किंवा तत्सम काही. दुसरी ओळ या बगसाठी गरजेची नाही पण सवय म्हणून घाल, कारण ०७एच वर राहिलेला स्टॅक ०८एच पासून वर चढतो आणि तिथे बँक एकचे रजिस्टर राहतात.

आता यातून जे घ्यायचं ते हे की असेंब्लीची प्रत्येक ओळ कोणाशी बोलतेय ते आधी विचार. चिपशी की असेंब्लरशी. आणि चिपशी असेल तर ती कुठल्या मेमरीत पडणार. डायरेक्टिव्हची यादी पाठ करण्यापेक्षा हे दोन प्रश्न पुरतात, आणि ओरललाही हे नीट सांगितलंस तर एक्स्टर्नल पुढची यादी बहुतेक विचारणार नाहीत.

ओआरजी घेऊ. मुलांना वाटतं ओआरजी ८०००एच लिहिलं की प्रोसेसर ८०००एच पासून चालू होईल. नाही. प्रोसेसर रिसेटनंतर ००००एच वरूनच उचलतो, तुला आवडो न आवडो. ओआरजी असेंब्लरला एवढंच सांगतो की पुढचा बाइट कुठल्या पत्त्याचा म्हणून फाइलमध्ये लिही. कॉलेजच्या ट्रेनर किटवर वरचे पत्ते चालतात कारण तिथे रॉममध्ये मॉनिटर प्रोग्रॅम बसलेला असतो, रिसेटनंतर तो चालू होतो, आणि तू गो दाबून पत्ता दिलास की तो तिकडे उडी मारतो. तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा ८९एस५२ वर बर्न केला की बोर्ड ढिम्म. ८९एस५२ मध्ये फ्लॅशच ८ केबीची आहे, ८०००एच तिच्या बाहेर.

इंटरप्टचे (चालू काम मधेच थांबवणारी हार्डवेअरची हाक) पत्ते मात्र खरोखर पाठ हवेत कारण ते हार्डवेअरमध्ये कोरलेत: एक्स्टर्नल शून्य ०००३एच, टायमर शून्य ०००बीएच, एक्स्टर्नल एक ००१३एच, टायमर एक ००१बीएच, सीरियल ००२३एच. दोघांत आठ-आठ बाइटांची जागा. सर्व्हिस रुटीन आठ बाइटांत बसलं तर तिथेच लिही, नाहीतर तिथे फक्त एलजंप टाकून खरं रुटीन लांब ठेव. ओआरजी ०००३एच खाली वीस बाइटांचं रुटीन आणि लगेच ओआरजी ०००बीएच लिहिलं तर एकाच पत्त्यावर दोन बाइटांचा दावा. चांगला असेंब्लर किंवा लिंकर ओव्हरलॅपची वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग कोण वाचतं. मेन प्रोग्रॅम पण याच कारणाने ००३०एच किंवा पुढे ठेवतात आणि ०००० वर नुसता एलजंप मेन असतो. पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्ये ओआरजी ३०एच का असतं हे मला तिसऱ्या वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं शुभ आकडा आहे.

डीबीवर (म्हणजे इथे हे बाइट ठेव) जरा जास्त बोलतो कारण ८०८६ शिकून आलेली मुलं इथेच आपटतात. ८०८६ ला काउंट डीबी ० लिहिलं की एक व्हेरिएबल मिळतं, वाचा, लिहा, मजा करा. ८०५१ मध्ये कोड मेमरी आणि डेटा मेमरी वेगळ्या, आणि डीबी कोड मेमरीतच बाइट ठेवतो. तिथलं मूव्हसीने वाचता येतं, लिहिता येत नाही. रॅममध्ये जागा हवी तर डीएसईजी (डेटा सेगमेंट) मध्ये जाऊन डीएस १ लिहायचं, ते नुसती जागा राखतं, आत काही भरत नाही. रॅममध्ये सुरुवातीची किंमत हवी तर ती तुझ्या प्रोग्रॅमने चालू झाल्यावर स्वतः भरायची. सी मध्ये हे काम कंपायलरचा स्टार्टअप कोड करतो म्हणून कळत नाही, असेंब्लीत स्टार्टअप कोड तूच आहेस.

डीबी कुठे लिहितोस तेही बघ. तुझ्या मित्राच्या एलसीडीच्या प्रोग्रॅमचा फोटो तू प्रश्नासोबत टाकला होतास, त्यात मेसेज: डीबी 'हॅलो',० ही ओळ, इंग्रजी कॅपिटलमधली, मेन लूपच्या मधोमध आहे. प्रोसेसर तिथे आला की त्याला काय माहीत की ही अक्षरं आहेत. एच म्हणजे ४८एच, तो ओआरएल ए,आर० म्हणून चालवतो. ई म्हणजे ४५एच, ओआरएल ए,डायरेक्ट, आणि पत्ता म्हणून पुढचा एल, ४सीएच, गिळतो. दुसरा एल ओआरएल ए,आर४. ओ ओआरएल ए,आर७. शेवटचं शून्य म्हणजे नॉप. म्हणजे हॅलो हा शब्द ८०५१ वर बिनबोभाट चालतो, फक्त अक्युम्युलेटरचा, म्हणजे ए रजिस्टरचा, कचरा करून जातो! पण मेसेजची सुरुवात कॅपिटल ए ने झाली असती तर ४१एच म्हणजे एजंप, आणि प्रोसेसर भलत्याच गावाला. टेबल आणि मेसेज नेहमी शेवटी, एसजंप $ किंवा रेटच्या पलीकडे, जिथे चालत जाऊन कोणी पोचणार नाही.

मूव्हसी ए,@ए+डीपीटीआर वापरताना दर वेळी आधी सीएलआर ए कर हे पण इथेच सांगतो, नाहीतर मागच्या अक्षराची किंमत पत्त्यात मिसळते आणि एलसीडीवर पहिलं अक्षर बरोबर, बाकी कानडी.

आता हॅश. यावर मी स्वतः मार खाल्लाय. मूव्ह ए,#३०एच म्हणजे ३०एच हा आकडा ए मध्ये टाक. मूव्ह ए,३०एच म्हणजे रॅमच्या ३०एच पत्त्यावर जे असेल ते ए मध्ये आण. पहिल्याचा ऑपकोड ७४एच, दुसऱ्याचा ई५एच, दोन्ही दोन बाइट, दोन्ही शंभर टक्के बरोबर भाषा. हॅश विसरलास तर जगातला कुठलाही असेंब्लर तुला सांगणार नाही कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. पहिल्या नोकरीत, एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये, कॉइल वाइंडिंग मशीनच्या कंट्रोलरसाठी टायमर शून्यवर ५० मिलीसेकंदाचा टिक करायचा होता, क्रिस्टल ११.०५९२ चं, त्याला रिलोड (टायमरमध्ये दर वेळी भरायचा सुरुवातीचा आकडा) ४सी००एच येतो. मी लिहिलं मूव्ह टीएच०,४सीएच. हॅश नाही. म्हणजे टायमरमध्ये रॅमच्या ४सीएच मधली किंमत जात होती, आणि त्या जागेला प्रोग्रॅममध्ये कोणी हातच लावत नव्हतं, पॉवर-अपला जे पडलेलं असेल ते. टेबलावरच्या चिपमध्ये रोज साधारण तोच आकडा पडायचा, त्यामुळे एक सेकंद एक सेकंदाचा येत नाही एवढंच दिसलं, आणि मी शहाण्याने टिकचा काउंट कमीजास्त करून ते जुळवलं. बोर्ड गिऱ्हाइकाकडे गेले, प्रत्येक चिपचा सेकंद वेगळा. त्यात लाइट जाऊन पटकन आली तर जुनी किंमत रॅममध्ये टिकायची आणि तेवढ्यापुरतं वेगळंच वागायचं. दोन दिवस क्रिस्टल बदलत बसलो. शेवटी लिस्टिंग फाइल (प्रत्येक ओळीसमोर तिचे बाइट दाखवणारी) छापून ओळीओळीने बोट ठेवून वाचली तेव्हा सापडलं, कारण मूव्ह टीएच०,#४सीएच हवं तिथे ७५एच ऑपकोड पाहिजे आणि छापलेला होता ८५एच.

म्हणून तेव्हापासून असे आकडे मी हाताने लिहीतच नाही. असेंब्लरला हिशोब येतो. टिक ईक्यूयू ४६०८० (५० मिलीसेकंदातले टायमरचे काउंट) लिहायचं आणि मूव्ह टीएच०,#हाय(-टिक), मूव्ह टीएल०,#लो(-टिक). हाय आणि लो हे पण असेंब्लरशीच बोलणं, चिपवर वजाबाकी होत नाही, आकडे तयार होऊन जातात. ६५५३६-टिक न लिहिता नुसतं ऋण का, तर जुने असेंब्लर आकडे १६ बिटांचेच धरतात आणि ६५५३६ त्यात मावत नाही, आणि १६ बिटांत दोन्हीचं उत्तर एकच. क्रिस्टल १२ चं झालं की टिक ५०००० कर, बाकी काही शोधायला नको.

शून्याचं थोडक्यात: एफएफएच लिहिलंस तर असेंब्लर त्याला नाव समजतो, आकडा नाही, आणि अनडिफाइन्ड सिम्बॉल म्हणून ओरडतो. अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्सच्या आधी ० लाव. एवढंच.

ईक्यूयू, डेटा आणि बिट यांतला फरक पुस्तकं एका ओळीत उडवतात पण कामाचा आहे. ईक्यूयू म्हणजे नावाला आकडा, बस, तो आकडा पत्ता आहे की किंमत आहे की बिट आहे हे असेंब्लरला माहीत नाही. काउंट डेटा ३०एच लिहिलंस तर त्याला कळतं की हा रॅमचा पत्ता आहे, आणि तू चुकून सेटबी काउंट लिहिलंस तर तो अडवतो. ईक्यूयू असतं तर सेटबी ला बिट नंबर ३०एच समजून निघून गेला असता. बिटांचे नंबर आणि बाइटांचे पत्ते दिसायला सारखे असतात ना, सेटबी २०एच म्हणजे २०एच बाइटाचा बिट नाही, तो २४एच बाइटाचा बिट शून्य. २०एच बाइटाचा बिट शून्य हवा तर सेटबी २०एच.० लिही किंवा सेटबी ००एच. म्हणून पिनांना एलईडी बिट पी१.० असं नाव दे, रॅमला डेटा वापर, आणि ईक्यूयू फक्त खऱ्या आकड्यांसाठी ठेव. आणि या तिन्ही नावांपुढे कोलन नाही हं, कोलन फक्त कोडच्या लेबलला.

८९एस५२ घेतला आहेस म्हणून अजून एक. कील आणि त्याच्यासारखे असेंब्लर काही न सांगता मूळ ८०५१ ची रजिस्टर नावं धरून चालतात, टी२कॉन (५२ मधल्या टायमर दोनचं रजिस्टर) लिहिलंस की म्हणतो ओळखत नाही. आधी $नोमॉड५१ आणि मग ५२ ची नावांची फाइल इन्क्लूड कर. आणि ५२ मधली वरची १२८ बाइट रॅम @आर०, @आर१ किंवा स्टॅकमधूनच मिळते, मूव्ह ए,९०एच लिहिलंस तर पोर्ट एक वाचला जाईल, कारण तोच पत्ता तिथे पोर्टचा पण आहे.

पुश ए ला एरर का येतो हे तू मागे विचारलं होतंस. पुशला डायरेक्ट पत्ताच लागतो, ए हे रजिस्टरचं नाव आहे पण एसीसी हा त्याचा पत्ता आहे, ई०एच. म्हणून पुश एसीसी. इन्क्रिमेंट ए आणि इन्क्रिमेंट एसीसी दोन्ही चालतात, काम एकच, पण पहिलं एक बाइट आणि दुसरं दोन. तसंच पुश आर० नाही, पुश एआर०. आणि हा एआर० कुठल्या बँकेचा हे असेंब्लरला यूझिंग १ वगैरेने सांगायचं. इथे परत तोच सापळा: यूझिंगने बँक बदलत नाही! त्याचा एकही बाइट तयार होत नाही. चिपची बँक बदलायला पीएसडब्ल्यू (स्टेटस रजिस्टर) मधले आरएस० आरएस१ खरोखर सेट करावे लागतात. फक्त यूझिंग लिहून बँक बदलली असं समजलेला कोड मी चांगल्या अनुभवी माणसांकडून आलेला पाहिलाय.

उड्यांबद्दल फार नाही. एसजंप, डीजेएनझेड, सीजेएनई, जेबी, जेएनझेड ही सगळी पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मागे १२८ आणि पुढे १२७ बाइटांपर्यंतच जातात. एजंप आणि एकॉल त्याच २ केबीच्या ब्लॉकमध्ये, एलजंप कुठेही. नुसतं जंप किंवा कॉल लिहिलं तर असेंब्लर स्वतः निवडतो, पुढच्या लेबलसाठी तो सेफ खेळून लांबच घेतो, एक बाइट जातो, जाऊ दे. टार्गेट आउट ऑफ रेंज आलं की घाबरायचं नाही, अट उलटी कर आणि मधे एलजंप टाक, जेझेड पुढे, एलजंप लांब, पुढे: असं.

आता घरचा असेंब्लर. तुझी फाइल चुकीची नाही, बोली वेगळी आहे. ८०५१ इंटेलने १९८० मध्ये काढला आणि सोबत स्वतःचा असेंब्लर दिला, एएसएम५१. कॉलेजची पुस्तकं, कील, आणि फुकट मिळणारा एसेम-५१ हे सगळे त्याच घराण्याचे. एसडीसीसी मुळात सी कंपायलर, त्याच्या पोटातला असेंब्लर एएसएक्सएक्सएक्सएक्स नावाच्या दुसऱ्याच घराण्यातून आलाय. त्यात डायरेक्टिव्हच्या आधी टिंब लागतं, .ओआरजी .डीबी .डीएस, हेक्स ३०एच असं नाही तर ०एक्स३० असं, ईक्यूयूच्या जागी सरळ = चालतं, सीएसईजी डीएसईजी ऐवजी .एरिया, आणि .ओआरजी पण अ‍ॅब्सोल्यूट म्हणून जाहीर केलेल्या एरियातच चालतो. इतर फाइलींना दिसायला हवं त्या लेबलला दोन कोलन. इन्स्ट्रक्शन मात्र त्याच, हॅश तोच, @ तोच, कारण चिप तीच आहे. म्हणजे बघ, जे चिपशी बोलणं आहे ते बदललं नाही, जे असेंब्लरशी बोलणं आहे तेवढंच बदललं. तुझ्या एररच्या यादीत जवळपास सगळ्या ओळी डायरेक्टिव्हच्या आणि एच लावलेल्या आकड्यांच्या आहेत, तूच तपास.

माझं ऐकशील तर शिकायला एसेम-५१ घे, लिनक्सवर पण चालतो, पुस्तकातली फाइल क्वचितच हात लावावी लागते. कीलची फुकट आवृत्ती २ केबी कोडपर्यंत चालते, तुझ्या प्रोजेक्टला तीही पुरेल. एसडीसीसी सी साठी ठेव. आणि सी आणि असेंब्ली मिसळायची वेळ आली तर लक्षात असू दे की कीलचा सी दोन बाइटांच्या इंटमध्ये वरचा बाइट आधी ठेवतो आणि एसडीसीसी खालचा आधी, यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय.

आज रात्री एवढंच कर. तुझ्या जुन्या प्रोग्रॅमची लिस्टिंग फाइल काढ, डावीकडे पत्ता, मग बाइट, मग तुझी ओळ. ज्या ओळीसमोर बाइट नाहीत त्या असेंब्लरशी बोलणाऱ्या. एंडसमोर रिकामं दिसेल. मग हेक्स फाइल नोटपॅडमध्ये उघड, डेटाच्या दोन ओळी असतील, पहिलीत १६ बाइट आणि दुसरी :०१००१०००२२सीडी, म्हणजे एक बाइट, पत्ता ००१०, प्रकार ००, डेटा २२, आणि सीडी हा चेकसम. तो २२ म्हणजे तुझा रेट, आणि चिपला तुझ्याकडून मिळालेला शेवटचा शब्द तोच. त्याच्याखाली अजून एक ओळ असेल, :०००००००१एफएफ, ती बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, फाइल संपली म्हणून. मग एसजंप $ घालून परत असेंबल कर आणि काय काय सरकलं ते बघ. डिले दोन बाइट खाली जाईल, म्हणजे एकॉलचा दुसरा बाइट ०८ चा ०ए होईल, पण तिन्ही डीजेएनझेडचे बाइट तसेच राहतील. ते का, हे मला सांग, आणि हाच प्रश्न ओरलला विचारला तर उत्तर तयार राहील.